झुंज आणि शर्यत : कायद्याची सीमारेषा

गोवा विधानसभेच्या २०२५ सालच्या पावसाळी अधिवेशनात धिरयोंना, म्हणजेच बैलांच्या झुंजींना, कायद्याची मान्यता मिळावी अशी मागणी सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाकांवरून झाली. एरवी कोणत्याच विषयावर ज्यांचे जमत नाही असे लोकप्रतिनिधी एखाद्या प्रश्नावर एका सुरात बोलू लागले की सुज्ञ नागरिकाने थोडे थांबून विचार करावा, हे बरे. असे एकमत युक्तिवादाच्या बळावर होते, तसेच ते मतांच्या हिशेबानेही होते. मतांचा हिशेब ज्याचा त्याने करावा. युक्तिवाद तेवढा तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न गोव्याचा, त्याचे आपल्याला काय, असे रायगड जिल्ह्यातील वाचकांनी म्हणू नये. कोलाड स्थानकात मालाने भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढतात आणि गोव्यात वेर्ण्याला उतरतात. कोकण रेल्वेची ही सेवा १९९९ साली सुरू झाली. वेर्णे ज्या सासष्टी तालुक्यात आहे, तोच धिरयोंचा बालेकिल्ला. ट्रकांप्रमाणे युक्तिवादही या वाटेने ये-जा करीत असतात. 'महाराष्ट्राने बैलगाडा शर्यतींसाठी कायदा बदलून घेतला, सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. मग आमच्या झुंजींनीच काय घोडे मारले?' हा धिरयोसमर्थकांचा मुख्य सवाल आहे. म्हणजे या वादात महाराष्ट्राचा कायदा पुरावा म्हणून पुढे केला जात आहे. आपल्याकडे अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यांवर शर्यती होतात आणि सिंधुदुर्गात बैलांच्या झुंजीही बंदी असताना लावल्या गेल्या आहेत. तेव्हा आज पणजीत विचारलेला सवाल उद्या मुंबईत विचारला जाणार नाही, याची शाश्वती कोणी द्यावी?

बंदी आली कोठून?

झुंजींवरील बंदी हे अलीकडच्या प्राणिमित्रांचे शहरी खूळ आहे, असा एक समज आहे. तो खरा नाही. मुंबई इलाख्याच्या १८८७ सालच्या जुगार प्रतिबंधक कायद्यातच सार्वजनिक रस्त्यावर, किंवा लोकांना येण्याजाण्याची मुभा असलेल्या जागी, पशुपक्ष्यांची झुंज लावणाऱ्यास वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार पोलिसांना दिलेला आहे. झुंज लावणाऱ्यास साह्य करणाराही त्यातून सुटत नाही. हे कलम जुगाराच्या कायद्यात असावे, ही गोष्ट बोलकी आहे. झुंज आली की पैज आली आणि पैज आली की तंटा आला, हे त्या काळच्या सरकारलाही कळत होते. जनावराच्या वेदनेपेक्षा माणसाच्या खिशाची आणि सार्वजनिक शांततेची चिंता त्यामागे अधिक होती.

जनावराच्या वेदनेचा विचार स्वतंत्र भारतात अधिक स्पष्टपणे झाला. राज्यसभेच्या नियुक्त सदस्या आणि विख्यात नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी याविषयी खासगी विधेयक मांडले होते. सरकारच असा कायदा करील, असे आश्वासन पंडित नेहरूंनी दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले, आणि त्यातूनच पुढे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. त्याच्या अकराव्या कलमानुसार केवळ मनोरंजनासाठी एका जनावरास दुसऱ्याशी झुंजण्यास चिथावणे हा गुन्हा आहे. झुंजीसाठी जागा चालवणे, जागा देणे आणि प्रेक्षकांकडून प्रवेशाचे पैसे घेणे हाही गुन्हा आहे. याच कायद्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने डिसेंबर १९९६ मध्ये धिरयोंना मनाई केली. गोव्यात आज जी बंदी आहे ती या निर्णयातून आली. कोणी नवा कायदा केला म्हणून ती आलेली नाही. जुना कायदा पाळा, एवढेच न्यायालयाने सांगितले. तो पाळला गेला, असे मात्र म्हणता येत नाही. मैदानावरच्या झुंजी आडबाजूच्या शेतांत गेल्या, आणि जाहिरातीची जागा निरोपांनी घेतली.

शर्यतीचा दाखला

आता शर्यतींची कथा पाहू. केंद्र सरकारने जुलै २०११ मध्ये अधिसूचना काढून बैलाचा समावेश खेळांसाठी व प्रदर्शनासाठी वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. २०१७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने दुरुस्ती करून या शर्यतींना वाट मोकळी केली. ती प्रथम उच्च न्यायालयात अडली. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

धिरयोसमर्थक या निकालाचा आधार घेतात. परंतु तो निकाल काय सांगतो हे नीट वाचले पाहिजे. परंपरा आहे म्हणून सर्व काही क्षम्य आहे, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. एखादी प्रथा त्या प्रांताच्या संस्कृतीचा भाग आहे की नाही, हे ठरवण्याचे काम विधिमंडळाचे आहे, असे ते म्हणते. आणि दुरुस्ती व तिच्याखालील नियम यांमुळे जनावराला होणारा त्रास पुष्कळ अंशी कमी होतो, या गृहीतावर ते दुरुस्तीला मान्यता देते. महाराष्ट्राच्या दुरुस्तीतील व्याख्याही अशीच मोजून-मापून केलेली आहे. बैलगाडा, छकडी, शंकरपट या नावांनी ओळखली जाणारी शर्यत, तीही परंपरेने जेथे होत आली त्या जिल्ह्यात आणि जिल्हाधिकाऱ्यांनी आधी मान्य केलेल्या जागी, एवढीच ती व्याख्या आहे. बैलांची पशुवैद्यकीय तपासणी, चाबूक, काठी वा विजेच्या उपकरणाला मनाई, धावपट्टीच्या लांबीला मर्यादा, अशा अटी नियमांत आहेत. झुंजीचा त्यात उल्लेख नाही.

दुखापत : अपघात की माल?

मग झुंजींसाठीही असेच नियम का करू नयेत, असे कोणी विचारील. या ठिकाणी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित असलेला एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो : या व्यवहारात नेमका कोणता माल विकला जातो?

शर्यतीत विकला जातो तो वेग. बैलाला चाबूक मारणे, शेपटी पिरगाळणे, दमलेल्या जनावराला पुन्हा पुन्हा पळवणे हे प्रकार शर्यतीत झाले आहेत आणि आजही होत असतील. पण ते काढून टाकले तरी शर्यत शिल्लक राहते. दोन जोड्या आपल्या चालीने पळाल्या तरी कोणीतरी पहिले येतेच आणि पाहणाऱ्याला त्यात रस वाटतोच. म्हणजे क्रूरता हा शर्यतीला जडलेला रोग आहे. रोगावर औषध करता येते, म्हणून नियमनाला अर्थ आहे.

झुंजीचे तसे नाही. धिरयोत दोन बैल एकमेकांची शिंगे अडकवून रेटतात आणि जो पाठ फिरवून पळतो तो हरतो. बैल पाठ का फिरवतो? वेदना, दमणूक किंवा भीती सहन होईनाशी झाल्यावाचून तो मागे हटत नाही. निकाल लागायचा तर दोहोंपैकी एकाला ही असह्य अवस्था येणे आवश्यकच आहे. शिंगांवर टोप्या चढवा, पशुवैद्य उभा करा, वेळेची मर्यादा घाला; खेळाचा गाभा तोच राहतो. आणि जर असे नियम केले की कोणत्याच बैलाला त्रास होणार नाही, तर झुंजच उरणार नाही आणि ती पाहायला कोणी येणारही नाही. जेथे दुखापत हाच माल आहे तेथे दुखापत टाळणारे नियम करणे म्हणजे दारूच्या दुकानाला फक्त पाणी विकण्याचा परवाना देण्यासारखे आहे. शर्यतीचे नियमन करता येते, झुंजीचे येत नाही. कायद्याची सीमारेषा भावनेने आखलेली नसून ती या फरकावर उभी आहे.

आणखी एक मुद्दा. कोणत्याही साहसी खेळात इजेचा धोका असतोच. कुंडलिकेच्या पात्रात तराफ्यावर बसणारा पर्यटकही धोका पत्करतो. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात उतरणारा मल्ल हात-पाय मोडण्याची जोखीम घेतो. परंतु ती जोखीम तो स्वतः घेतो, आणि जिंकल्याचा मानही त्यालाच मिळतो. झुंजीत जोखीम बैलाची असते. मान मालकाचा, पैसा पैज लावणाऱ्याचा आणि मतांचा लाभ आश्रयदात्याचा. खर्च एकाच्या माथी आणि लाभ दुसऱ्याच्या पदरी अशी वाटणी जेथे होते, तेथे व्यवहार बेसुमार वाढतो, हा नित्याचा अनुभव आहे. अशा वेळी ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते. ते काम कायद्याचे.

बैलाचे बदललेले अर्थशास्त्र

एवढे म्हटल्यावरही झुंजी लावणाऱ्यांना केवळ क्रूर म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल. बैल पाळणारा माणूस जनावराचा शत्रू नसतो. स्वतःच्या ताटात कमी पडले तरी चालेल, पण बैलाच्या पेंडीत कमी पडता कामा नये, अशी माणसे कोकणात कमी नाहीत. त्यांची खरी अडचण वेगळी आहे, आणि ती शहरी टीकाकाराच्या ध्यानात येत नाही.

कोलाड-रोह्याच्या पट्ट्यातील भातशेती पाहा. डोलवहाळच्या बंधाऱ्यातून निघालेल्या कालव्यांनी येथे पावसाळी भाताबरोबर उन्हाळी भातही दिले. एकेकाळी दुसरे पीक म्हणजे बैलांना दुसऱ्या हंगामाचे काम. पण चिखलणीला पॉवर टिलर आला, वाहतुकीला टेम्पो आला आणि शेतकऱ्याची मुले धाटावच्या कारखान्यांत वा मुंबईला नोकरीसाठी गेली. वर्षाकाठी थोडे दिवस लागणाऱ्या नांगरटीसाठी बाराही महिने जोडी सांभाळणे परवडेनासे झाले. कोलाडची ही गत थोड्याफार फरकाने साऱ्या देशाची आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातील गोवंशातील नरांची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली आढळली, तर माद्यांची संख्या वाढलेली होती. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्या कायद्याच्या गुणदोषांची चर्चा येथे करण्याचे कारण नाही. पण त्याचा आर्थिक परिणाम उघड आहे. ज्या बैलाला शेतात काम नाही, त्याला बाजारात भावही नाही.

काम गेले, भाव गेला. उरली ती प्रतिष्ठा. शर्यतीत पहिला येणारा किंवा झुंजीत न हटणारा बैल मात्र आजही मालकाचे नाव गावोगाव नेतो. बैल हे उत्पादनाचे साधन न राहता मिरवण्याची वस्तू झाला आहे. 'झुंजी बंद केल्या तर देशी बैल नामशेष होईल' असे समर्थक म्हणतात, तेव्हा त्यांच्या म्हणण्यात एवढे तथ्य निश्चित आहे की, बैल ठेवण्याचे दुसरे कारण समाजाने शेतकऱ्याजवळ फारसे शिल्लक ठेवलेले नाही.

परंतु यावरून झुंजीच हा उपाय, असे निष्पन्न होत नाही. झुंजीसाठी निवडले जातात ते मोजके, आडदांड, चिडखोर नर. त्यांच्यावर होणाऱ्या खर्चाने गाईंची निपज सुधारत नाही. कोकण कपिला आणि गोव्याची श्वेत कपिला या आपल्या पट्ट्यातील नोंदलेल्या देशी जाती. त्या टिकवायच्या तर वळूंचे जतन, जातिवंत जनावरांची प्रदर्शने, शुद्ध निपजीला अनुदान हे मार्ग आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात चिखलातील नांगरणीच्या स्पर्धा होतात. जनावराला इजा होणार नाही अशा अटींखाली अशा स्पर्धांना सरकारी बक्षीस का असू नये? बैलाची ताकद आणि मालकाचे कौशल्य दोन्ही तेथे दिसतात, आणि दुसऱ्या बैलाचे रक्त सांडावे लागत नाही.

परंपरेचा दाखला

परंपरेच्या युक्तिवादाकडे वळू. झुंजी पुरातन आहेत, हे निर्विवाद. गावोगावच्या एडक्यांच्या टकरी, कोंबड्यांच्या झुंजी यांबरोबर आपल्या संस्थानिकांच्या दरबारी तर हत्तींच्या झुंजी होत. बडोद्याला गायकवाडांनी त्यासाठी खास अगड बांधला होता. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने साठमारी रंगत असे. चिथावलेल्या हत्तीला माणसे हुलकावण्या देत आणि हजारो लोक ते पाहत. कोल्हापूरच्या साठमारीचे आवार आजही त्या दिवसांची आठवण देते.

तो खेळ थांबला म्हणून कोल्हापूरचे कोल्हापूरपण कमी झाले काय? त्याच शाहू महाराजांची आठवण महाराष्ट्र काढतो ती वसतिगृहांसाठी, १९०२ च्या आरक्षणाच्या आदेशासाठी, राधानगरीच्या धरणासाठी आणि १९१२ साली उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानासाठी. परंपरा एकजिनसी नसते. तिच्यातले काय जपायचे आणि काय काळाच्या स्वाधीन करायचे, याची निवड प्रत्येक पिढी करीत असते. बेंदराला किंवा पोळ्याला बैलाची शिंगे रंगवून त्याला पुरणपोळीचा घास देणारी परंपराही आपलीच आहे. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. झुंजीचा पुकारा करणाऱ्यांनी परंपरेचे नाव घेताना हीही परंपरा आठवावी.

जगातही हाच वाद चालू आहे. इंग्लंडने १८३५ च्या कायद्याने बैल-अस्वलांवर कुत्रे सोडण्याचे आणि कोंबडे झुंजवण्याचे खेळ बंद केले. स्पेनमधील कॅटलोनियाने २०१० मध्ये बैलांच्या खेळावर बंदी घातली, पण २०१६ मध्ये तेथील घटना न्यायालयाने सांस्कृतिक वारसा हा मध्यवर्ती सत्तेचा विषय आहे म्हणून ती रद्द केली. कोलंबियाने २०२४ मध्ये कायदा करून हा खेळ टप्प्याटप्प्याने संपवण्याचे ठरवले. पावले कोठे जलद, कोठे अडखळत पडतात. दिशा मात्र एकच दिसते.

दुटप्पीपणाचा आक्षेप

समर्थकांचा सर्वांत टोकदार आक्षेप अजून राहिला. ते म्हणतात, मुंबईच्या महालक्ष्मीला घोडे पळतात, त्यांवर राजरोस पैसे लागतात. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीवरील पैज ही कौशल्यावर आधारलेली असल्याचे सांगून तिला जुगारातून वगळले. त्याच वर्षी सासष्टीच्या शेतकऱ्याची धिरयो मात्र बंद झाली. श्रीमंतांचा तो खेळ आणि गरिबांचा तो गुन्हा, हा न्याय कोणता? शिवाय रोज हजारो जनावरे खाण्यासाठी मारली जातात, त्याचे काय?

या आक्षेपात दुखावलेल्या मनाचा सूर आहे आणि तो तुच्छतेने झटकून टाकण्यासारखा नाही. घोड्यांच्या शर्यतीत चाबूक चालत असेल, दमलेले घोडे पळवले जात असतील, तर त्यावरही तितकाच कडक अंकुश हवा. पण घोड्याची शर्यत ही अखेर शर्यत आहे. तिची तुलना बैलगाड्याशी करावी लागेल, आणि बैलगाड्याला आता कायद्याने वाव मिळालेला आहे. अन्नासाठी होणाऱ्या कत्तलीला १९६० च्या कायद्याने अपवाद केला आहे तो गरजेच्या पायावर, आणि तोही अनावश्यक यातना होऊ नयेत या अटीवर. गरज आणि करमणूक यांत कायदा फरक करतो, तो सामान्य माणूसही करतो. एका ठिकाणी अन्याय होत असेल तर तो दूर करा, असे म्हणता येईल. दुसरीकडे तो करण्याची मुभा द्या, असे म्हणता येणार नाही.

पन्नास रुपयांचा कायदा

दुटप्पीपणा शोधायचाच असेल तर तो कायद्याच्या दंडात सापडेल. १९६० च्या कायद्याने पहिल्या गुन्ह्यासाठी दंड ठरवला तो १० ते ५० रुपये. तीन वर्षांच्या आत गुन्हा पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हा दंड वाढवावा असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात संसदेला सुचवले. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीचा मसुदाही लोकांपुढे ठेवला. तरी त्या निकालानंतर दहा वर्षे उलटली तेव्हा आकडा तोच होता. याउलट महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुरुस्तीत शर्यतीच्या अटी मोडणाऱ्याला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे परवानगी असलेल्या खेळात चूक करणाऱ्याला लाखांचा धाक, आणि मुळातच मनाई असलेला खेळ मांडणाऱ्याला पन्नास रुपयांचा! ज्या मैदानात एका पैजेवर हजारो रुपये लागू शकतात, तेथे हा दंड म्हणजे धंद्याचा किरकोळ खर्च झाला. अशा कायद्याने गुन्हा थांबत नाही. तो केवळ चोरवाटेने चालतो आणि ज्याच्या हाती वेळीच डोळेझाक करण्याचा अधिकार आहे त्याची सोय होते.

कायद्यात आणखी एक सूक्ष्म भेद आहे. जनावराला झुंजण्यास चिथावणे हा अदखलपात्र गुन्हा, तर झुंजीची जागा चालवणे व प्रवेशाचे पैसे घेणे हा दखलपात्र गुन्हा. म्हणजे बैलाच्या मालकापेक्षा आयोजकाला पकडणे पोलिसांना अधिक सोपे आहे, आणि ते योग्यही आहे. कारण झुंजीचा पैसा गोळा होतो तो आयोजकाभोवती आणि पैज लावणाऱ्यांभोवती. कारवाईची दिशाही तीच असावी. पैजेची रक्कम व बक्षिसे जप्त करावीत आणि दंडाचा आकडा आजच्या रुपयाच्या किमतीशी जुळवून घ्यावा. शेतकऱ्याचा बैल जप्त करून कोंडवाड्यात उपाशी ठेवला, तर त्यात बैलाचेही हित नाही.

गोव्याला दुरुस्ती करायचीच असेल तर प्राण्यांवरील क्रूरतेचा प्रतिबंध हा समवर्ती सूचीतील विषय आहे. केंद्रीय कायद्याशी विसंगत दुरुस्तीला राष्ट्रपतींची अनुमती लागेल. ती मिळाली तरी दुरुस्ती न्यायालयात टिकायची तर त्रास कमी केल्याचे दाखवावे लागेल, आणि झुंजीच्या बाबतीत ते दाखवता येणार नाही, हे वर सांगितलेच आहे.

शेवटी जबाबदारी महाराष्ट्रावर येते. आपण शर्यत आणि झुंज यांत फरक केला, तो नियमांच्या भरवशावर. किनाऱ्यावरील शर्यतीत पशुवैद्याची तपासणी कागदावरच उरली, चाबूक आणि टोचणी पुन्हा हातात आली, प्रेक्षकांच्या गर्दीत जोड्या घुसू लागल्या आणि अधिकारी मंडपातील खुर्चीवर बसून ते पाहत राहिले, तर तो फरक आपणच पुसून टाकू. मग झुंजसमर्थकांना उत्तर देण्याचा नैतिक अधिकार आपल्यापाशी राहणार नाही. शर्यतीचे नियम काटेकोर पाळणे हाच झुंजीवरील बंदीचा सर्वांत भक्कम आधार आहे. तो टिकवणे जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती आहे, आयोजकांच्या हाती आहे, आणि दोराबाहेर उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्या आपल्याही हाती आहे.